लेखिकेचे यजमान

३ जानेवारी १९५६, मंगळवार

डेअरीने यंदाही नाताळात रोजनिशी दिली. दरवर्षी मी हिच्यात दूध, हवामान आणि कुठली गाय कधी व्याली एवढंच लिहितो. घरात एक लिहिणारं माणूस आहे, तेवढं पुरे. पण यंदा थोडं जास्त लिहावं म्हणतो, कारण मनात जे चाललंय ते बोलायचं कुणाशी? शेजारच्या एल्मरशी बोललो तर संध्याकाळपर्यंत सगळ्या दरीला कळेल. आईशी बोललो तर ती म्हणेल, "मी लग्नाआधीच सांगितलं होतं, मास्तरीण करू नकोस." आणि मार्गेटशी बोलावं तर गोष्ट तिचीच आहे.

गोष्ट अशी की मार्गेट लिहीत नाहीये.

टाइपरायटर स्वयंपाकघरातल्या टेबलावर आहे, त्यात कागद घातलेला आहे. सकाळी धारा काढून आलो तेव्हा कागद कोरा होता. दुपारी जेवायला आलो तेव्हाही कोराच. ती बटाटे सोलत होती. मी काही विचारलं नाही.

थंडी कडक. दूध बरं आहे.

८ जानेवारी, रविवार

चर्चला गेलो होतो. प्रार्थनेनंतर बाहेर बायका घोळका करून उभ्या होत्या. आम्ही जवळ गेलो तशी त्यांनी मार्गेटला जागा करून दिली. एल्मरची बायको बॉर्गहिल्ड म्हणाली, "ये गं मार्गेट. काय थंडी पडलीय ना!" मग सगळ्या जणी थंडीवर बोलल्या. बराच वेळ थंडीवरच बोलल्या. आधी काय चाललं होतं कुणास ठाऊक, त्यांच्यातली एक डोळे पुसत होती.

लोक आता तिला मान देतात. तिचं पुस्तक येण्याआधी तिच्यासमोर कुणीही काहीही बोलायचं.

एल्मर माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "काय, लेखिकेचे यजमान! तुमच्या गाई आता छापील दूध देतात का?" त्याच्या हसण्यावर सगळे हसले. मीही हसलो.

१५ जानेवारी

बर्फाचं वादळ. रस्ता बंद, दूध न्यायला गाडी आली नाही. बसल्या बसल्या लिहितो.

मार्गेट आयोवाहून आमच्या स्कोग्डालच्या शाळेवर आली तेव्हा मी तिला पहिल्यांदा पाहिलं. हातात एक पेटी आणि टाइपरायटर. आईला ते यंत्र पाहूनच धास्ती बसली. लग्न झालं तशी शाळा सुटली, लग्न झालेल्या बाईला तेव्हा ठेवत नसत. मूल काही झालं नाही. मग ती गोष्टी लिहायला लागली. कितीतरी वर्षं गोष्टी जायच्या आणि परत यायच्या. पोस्टमन पाकीट द्यायचा तेव्हा ती त्याच्याकडे न बघता हवामान विचारायची. मग एक छापली. मग आणखी काही. मग न्यूयॉर्कहून लॅश्नर नावाच्या संपादकाचं पत्र आलं की कादंबरी असेल तर पाठवा. नव्हती. तिने लिहिली. ह्याच टेबलावर, शेजारणी कॉफी प्यायला येत, फोन वाजत, आई तिच्या घरून येऊन कोपऱ्यात मोजे विणत आणि सगळ्या जगाला नावं ठेवत, त्या गोंगाटात. मला नवल वाटायचं, हिला सुचतं कसं.

गेल्या पानगळीत पुस्तक आलं. पेपरात फोटो आला. चर्चच्या महिला मंडळाने केक केला. पुस्तकात एक बाई आहे, ती पाहुण्यांच्या कपात कॉफी इतकी कमी ओतते की कपाचा तळ दिसतो. बॉर्गहिल्डने पुस्तक वाचून "छान लिहिलंयस हो," एवढंच म्हटलं. तेव्हापासून तिच्याकडे गेलं की कप काठोकाठ भरलेला असतो, बशीत सांडतो. ती नजर वर करत नाही.

मी पुस्तक अर्धं वाचलं. वाचताना सारखं वाटायचं की कुणाच्या तरी खिडकीतून आत बघतोय. मार्गेटला सांगितलं की पूर्ण वाचलं.

२० जानेवारी

विचार केला. तिला शांतता मिळत नाही, हेच कारण. आता ती नावाजलेली बाई आहे, तिने स्वयंपाकघरात बटाट्याच्या सालांशेजारी का लिहावं? अंगणापलीकडे कोंबडीच्या पिल्लांची जुनी खोली रिकामी आहे. ती नीट करून द्यायची. तिला सांगणार नाही.

११ फेब्रुवारी

खोली झाली. नवी फळीची जमीन, छोटी शेगडी, टेकडीकडे खिडकी. टेबल मी स्वतः केलं, ओकचं. मार्गेटला डोळे मिटायला लावून नेलं. ती दारातच उभी राहिली. मग म्हणाली, "किती केलंस रे ऑरिन." तिचे डोळे भरून आले. मी तिला म्हटलं, "आता इथे माशी पण येणार नाही." ती म्हणाली, "हो. दिसतंय."

येणाऱ्याजाणाऱ्यांनाही मी सांगून ठेवलंय. बॉर्गहिल्डला, आईला, सगळ्यांना, की सकाळी येऊ नका. बॉर्गहिल्ड लगेच हो म्हणाली. मला वाटलं होतं रागावेल.

२ मार्च

आणखी एक काम केलं. आमची फोनची तार सात-आठ घरांत मिळून एकच होती. कुणाचाही फोन वाजला की सगळीकडे वाजायचा, कुणीही उचलून ऐकावं. मार्गेटला ती खोड होती. शेंगा सोलता सोलता फोन हळूच उचलायची, बोलायच्या बाजूवर तळहात ठेवायची आणि तासभर ऐकत बसायची. मला ते आवडायचं नाही. पण पुस्तक आल्यापासून तिने उचलला की तिकडून आवाज यायचा, "जपून बोल गं, पुस्तकात जाशील!" आणि हसून फोन ठेवून द्यायच्या. दोनदा माझ्यासमोर झालं. तिचं तोंड उतरलेलं मला बघवलं नाही.

म्हणून आमच्यापुरती वेगळी तार घेतली. आता लॅश्नरसाहेबांचा फोन आला तर दरीला ऐकू जाणार नाही. मार्गेटने नवा फोन उचलून कानाला लावला. नुसता घूं आवाज. तिने तो बराच वेळ ऐकला.

"कशी आहे?" मी विचारलं.

"स्वच्छ आहे," ती म्हणाली.

१९ मार्च

दोन वासरं. एक जगलं.

खोलीच्या धुराड्यातून रोज सकाळी धूर निघतो. जवळून जाताना मी पाय न वाजवता जातो. टाइपरायटर ऐकू येत नाही. विचार करत असेल.

२६ एप्रिल

दर बुधवारी मार्गेट पिकअप घेऊन शहरात, हार्मन फॉल्सला जाते. वाचनालयात काम असतं म्हणते. चांगले कपडे घालून जाते, येते तेव्हा जरा तरतरीत दिसते. मला बरं वाटत होतं. आज गिरणीवर एल्मर म्हणाला, "तुझी मार्गेट बस अड्ड्यावर दिसली रे. गेल्या आठवड्यातही दिसली होती. कुणाला आणायला जाते की काय?"

"वाचनालय तिथेच जवळ आहे," मी म्हणालो.

"वाचनालय नदीपलीकडे आहे, ऑरिन."

मी दाण्याचं पोतं उचलून निघून आलो. गोठ्यात एकटाच बसलो. बस अड्ड्यावर माणूस कुणाला भेटतो? बाहेरगावच्या माणसाला. लॅश्नर न्यूयॉर्कला असतो, तो बसने कशाला येईल. पण दुसरा कुणी असू शकतो. शिकलेला. पुस्तक पूर्ण वाचलेला.

२ मे, बुधवार

हे लिहायची लाज वाटते, पण लिहितो. एल्मरची गाडी मागून घेतली, म्हणालो पिकअपचा पट्टा आणायचाय. तो म्हणाला, "पिकअप तर मार्गेटने नेलीय ना?" पण किल्ली दिली आणि आणखी काही विचारलं नाही. एल्मरने न विचारणं हे विचारण्यापेक्षा वाईट.

अड्ड्याच्या काचेबाहेर उभा राहिलो. मार्गेट आत बाकावर बसली होती, मांडीवर पर्स, डोक्याला चर्चची हॅट. शेजारी कुणी नव्हतं. तिच्या पाठीमागच्या बाकावर दोन परक्या बायका होत्या. एक जण दुसरीला काहीतरी सांगत होती, हातवारे करून, मधेच रडत होती. मार्गेट त्यांच्याकडे पाठ करून डोळे मिटून बसली होती. चेहरा असा, जसं हिवाळ्यात मांजर उन्हाच्या कवडशात बसतं.

बस आली, बायका गेल्या. मार्गेटने डोळे उघडले आणि दुसऱ्या बाकाकडे सरकली. तिथे एक म्हातारा आणि त्याची मुलगी भांडत होती.

कुणी पुरुष आला नाही. मला आनंद व्हायला हवा होता. तसाच परत आलो.

३ मे

राहवलं नाही. रात्रीच्या जेवणाला बसलो तेव्हा म्हणालो, "काल तुला अड्ड्यावर पाहिलं."

तिने काटा खाली ठेवला. "मग आत का नाही आलास?"

"तू तिथे काय करतेस?"

"ऐकते."

"काय ऐकतेस?"

"लोक बोलतात ते. ऑरिन, इथे माझ्यासमोर कुणी बोलत नाही."

"असं काय म्हणतेस? रविवारी सगळे बोलत होते."

"थंडीवर," ती म्हणाली. "आता पेरणीवर. तुझी आईसुद्धा माझ्यासमोर तोलून मापून बोलते. तुझी आई, ऑरिन!"

मी म्हटलं, ते तिला मान देतात. ती हसली, म्हणजे तोंडाने हसली. मग म्हणाली, "आता अड्ड्यावरही जाता येणार नाही. तिकीटवाल्याने ओळखलं मला. म्हणाला, तुमचा फोटो पेपरात पाहिलाय, बाई, आमच्याबद्दल लिहिणार का? आणि सगळा अड्डा माझ्याकडे बघून गप्प."

मी बराच वेळ विचार केला, मी काय करून देऊ शकतो.

१० जून

गवताची पहिली कापणी चालू आहे, हात मोकळा नाही.

मार्गेटने टाइपरायटरला झाकण घातलं आणि मला माळ्यावर ठेवायला सांगितलं. मी म्हटलं, राहू दे ना तिथे. म्हणाली, "नको. तो माझ्याकडे बघतो." उचलून वर ठेवला. उतरताना शिडीवर थोडा वेळ थांबलो. वर जाऊन परत आणावा असं वाटलं. पण आणून करायचं काय?

लॅश्नरसाहेबांचा फोन आला होता. मीच घेतला. "बाईंचं नवं काम कुठवर आलंय?" चांगलं चाललंय म्हणालो.

१८ जून

ती दिवसा झोपते. वासरं ओरडतात, दूध उतू जातं, तिला ऐकू येत नाही. आई लेफ्से, बटाट्याच्या पातळ नॉर्वेजियन पोळ्या, घेऊन आली होती, खास तिच्यासाठी लोणी साखर लावून. मार्गेटने अर्धी खाल्ली आणि भिंतीकडे तोंड केलं. आई मला व्हरांड्यात म्हणाली, "हिला डॉक्टरला दाखव. आपल्याकडच्या बायका अशा पडून राहत नाहीत. आम्हाला कुठे फुरसत होती!"

२१ जून, गुरुवार

आज काय झालं ते नीट लिहायला हवं.

हार्मन फॉल्सला डॉक्टरकडे गेलो. त्यांनी नाडी बघितली, जीभ बघितली, म्हणाले, "काही नाही. ह्या वयात बायकांना होतं असं. विश्रांती घ्या, डोक्याला ताण देऊ नका." गोळ्या दिल्या.

येताना दोघं गप्प. लुंडच्या फाटकाशी मालगाडी आली म्हणून थांबावं लागलं. डबे संपता संपेनात. गप्प बसणं मला जड झालं आणि काहीतरी बोलायचं म्हणून मी बोललो, "आई इथूनच गाडीत चढली होती."

मार्गेटने मान वळवली नाही. "कधी?"

"मी आठ वर्षांचा होतो तेव्हा. ती गेली होती ना घरातून."

आता तिने मान वळवली. "तुझी आई घरातून गेली होती? रॅग्ना?"

मला वाटत होतं हे तिला माहीत असेल. पण कोण सांगणार? आमच्या घरात हे कधी बोललंच गेलं नाही. मी म्हटलं, हो, बटाटे काढायचे दिवस होते, सकाळी तिने मला बरोबर घेतलं, मला वाटलं दुकानात जातोय. इथे आलो. तेव्हा हात केला की गाडी इथे थांबायची; आली तशी ती चढली. मला म्हणाली, घरी जा, बाबांना सांग, बटाटे भिजत घातलेत.

"तिने काय घातलं होतं?"

"रविवारचा काळा कोट. हातात उशीचा अभ्रा, त्यात कपडे."

"पेटी नाही?"

"पेटी घेतली असती तर बाबांना आधीच कळलं असतं."

मालगाडी केव्हाच गेली होती. मागून कुणीतरी भोंगा वाजवला. मी गाडी चालू केली आणि सांगत गेलो. बाबांनी सगळ्यांना सांगितलं की शिकागोला मावशी आजारी आहे. शिकागोला आमची कुणी मावशी नव्हती. आम्ही दोघं रोज उकडलेले बटाटे खायचो, समोरासमोर बसून, न बोलता. बर्फ पडायला लागल्यावर एक दिवस शाळेतून आलो तर आई चुलीपुढे उभी. म्हणाली, "पाय पूस." बस. ती कुठे गेली होती, का गेली, का आली, बाबांनी कधी विचारलं नाही. निदान माझ्यासमोर तरी नाही.

"आणि तू?"

"मी काय विचारणार?"

अंगणात पोचलो तरी आम्ही गाडीतच बसलो होतो. गाई हंबरत होत्या, धारांची वेळ टळून गेली होती. ती विचारत होती आणि मी सांगत होतो. एवढं मी जन्मात कधी बोललो नसेन. मला माहीतच नव्हतं की मला एवढं आठवतं. तिच्या गालावर रंग आला होता. माझ्याकडे असं बघत होती जसं लग्नाआधी बघायची.

मग म्हणाली, "ऑरिन, माळ्यावरून मशीन काढून दे."

गोठ्यात धारांचं यंत्र मी मधेच बंद केलं. गोठा शांत झाला आणि अंगणापलीकडून, स्वयंपाकघराच्या उघड्या खिडकीतून, टकटक ऐकू आली. गाईच्या अंगाला डोकं टेकून उभा राहिलो. रडलो असं लिहिणार नाही. पण उभा राहिलो बराच वेळ.

४ जुलै

गावात फटाके, मिरवणूक. आम्ही गेलो नाही. ती लिहितेय. जेवण मीच करतो, अंडी नाहीतर अंडी.

१७ जुलै

तिने कागद माझ्या हातात ठेवले. "वाच. पूर्ण वाच," म्हणाली. म्हणजे तिला माहीत होतं.

गोठ्यात बसून वाचले. नावं बदलली आहेत. पण लुंडचं फाटक आहे, काळा कोट आहे, उशीचा अभ्रा आहे, भिजत घातलेले बटाटे आहेत. मी सांगितलेलं सगळं आहे आणि न सांगितलेलंही आहे. गाडीत बसलेली ती बाई काय विचार करते, शिकागोत तिची वाट बघणारा एक माणूस आहे, वाद्यं दुरुस्त करणारा, आणि तिथे गेल्यावर तिला कळतं की तो तिने मनात रंगवला होता तसा नाही. आणि फाटकाशी उभा राहिलेला तो मुलगा. गाडी जाते आणि तो मुलगा रुळांच्या मधोमध उभा राहून आधी एका बाजूला बघतो, मग दुसऱ्या बाजूला. हे मी तिला सांगितलं नव्हतं. मी तसंच केलं होतं.

घरी आलो. ती टेबलाशी बसली होती. "कशी आहे?"

"चांगली आहे."

"ऑरिन, ही बाई कोण ते सगळ्यांना कळेल. तू नाही म्हणालास तर पाठवणार नाही. शपथेवर सांगते. पण आत्ता सांग. नंतर नको."

मला नाही म्हणायचं होतं. शब्द तोंडात तयार होता. पण तिच्याकडे पाहिलं. महिन्याभरापूर्वी हीच भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी म्हटलं, "कुंपण बघून येतो," आणि बाहेर गेलो. कुंपण धड होतं.

१९ जुलै

पाकीट तयार करून तिने मलाच पोस्टात टाकायला दिलं. वाटेत आईचं घर. तिने खिडकीतून पाहिलं आणि हात केला. मग थांबणं आलं. पाकीट पिकअपमध्ये बाकावर, काचेतून दिसत होतं.

आईने कॉफी दिली, रुबार्बच्या आंबट देठांचा केक दिला. म्हणाली, "मार्गेट उठली म्हणे? लिहितेय म्हणे? देव पावला. काय लिहितेय?"

मी म्हटलं, "गोष्ट."

"ते कळलं रे. कशावर?"

इथे सांगायचं होतं. ह्याहून बरी वेळ मिळणार नव्हती. आईचे हात पिठाने भरलेले होते, चर्चच्या मेजवानीची यादी भिंतीला टोचलेली होती, तिच्यावर सगळ्यात वर तिचं नाव. आजवर तिला कुणी आवाज चढवून बोललेलं मी ऐकलेलं नाही.

"जुन्या काळावर," मी म्हणालो.

"बरं झालं. जुन्या काळातलं कुणी रागवायला उरलेलं नसतं," आई म्हणाली आणि आणखी एक तुकडा वाढला. तो मी खाल्ला. मग पोस्टात गेलो आणि पाकीट टाकलं. ते आत पडल्याचा आवाज आला. खिडकीतल्या माणसाकडे ते परत मागता येतं का, हे मी विचारलं नाही.

२२ ऑगस्ट

गोष्ट घेतली. मोठं मासिक आहे. लॅश्नरसाहेब फोनवर ओरडत होते, आनंदाने. म्हणाले, पुढची कादंबरी हीच. ह्याच बाईची.

मार्गेटने मला मिठी मारली. मी अंगावरचं गवत झाडत झाडत बाहेर गेलो.

३ नोव्हेंबर, शनिवार

मासिक आलं. दुकानात आलेल्या प्रती दुपारपर्यंत संपल्या. एरवी स्कोग्डालमध्ये ते मासिक कुणी घेत नाही.

संध्याकाळी चर्चमध्ये वर्षाची मासळीची मेजवानी होती. आम्ही दोघं गेलो. पायऱ्यांपर्यंत आतला गलका ऐकू येत होता. दार उघडलं आणि गलका थांबला. आई लांब टेबलामागे उभी होती, दरवर्षीसारखी, मोठा डाव घेऊन मासळीवर वितळलेलं लोणी वाढत. रांग तिच्यासमोरून जात होती आणि कुणी तिच्याकडे बघत नव्हतं. सगळे आपापल्या ताटाकडे बघत होते. आई मात्र प्रत्येकाकडे बघत होती. माझी पाळी आली. तिने माझ्या मासळीवर लोणी घातलं, नेहमीपेक्षा जास्त नाही, कमी नाही. म्हणाली, "पुढे सर, रांग खोळंबलीय."

मार्गेट माझ्या मागे होती. तिच्याही ताटात लोणी पडलं.

एल्मरने आज माझी एकदाही थट्टा केली नाही.

६ नोव्हेंबर

आईकडे गेलो. दार बंद. आत रेडिओ चालू. "आई," म्हणून हाक मारली. "मला काम आहे," आतून आवाज आला.

मत द्यायला गेलो, तिथेही भेटली नाही. म्हणाले, सकाळी पहिली येऊन गेली.

११ नोव्हेंबर, रविवार

चर्चमध्ये आई आमच्या बाकावर बसली नाही. मार्गेट घरी येऊन म्हणाली, "जाऊन माफी मागू का मी त्यांची?" मी म्हटलं, मला माहीत नाही. खरंच माहीत नाही. ती चिडली. "तुला कधीच काही माहीत नसतं! हो म्हण, नाही म्हण, काहीतरी म्हण!" मी बादल्या उचलून गोठ्यात गेलो.

१५ नोव्हेंबर, गुरुवार

दुपारी आईची गाडी अंगणात आली. ती उतरली. रविवारची हॅट, हातात पिशवी. मी गोठ्यातून धावत गेलो, मार्गेट दारात आली.

आईने पिशवीतून मासिक काढलं आणि टेबलावर आपटलं. मग माझ्याकडे वळली.

"हे तू सांगितलंस?"

"हो."

"तू आठ वर्षांचा होतास. नाक पुसता येत नव्हतं तुला. तुला काय माहीत होतं म्हणून सांगायला गेलास?"

"आई, मी…"

"गप्प बस." ती मार्गेटकडे वळली. मार्गेट म्हणाली, "माझी चूक आहे, मला…"

"चूक? सगळंच चूक आहे!" आई म्हणाली. तिने हॅट काढली आणि मासिकावर ठेवली. "शिकागो नव्हतंच मुळी. आणि हा वाद्यं दुरुस्त करणारा! पुरुष! घरात एक होता, दुसरा गोधडीत मुतत होता. मला आणखी एक पुरुष कशाला हवा होता? सगळी दरी आता तेच म्हणणार, रॅग्ना माणसामागे गेली. नीट करायला हवं हे. कॉफी ठेव."

मार्गेटने कॉफी ठेवली. आई खुर्ची ओढून बसली. मीही बसायला गेलो.

"तू कुठे बसतोस? जा, धारा काढ."

"अजून वेळ आहे धारांना."

"मग गवत टाक. जा म्हणते ना."

मी मार्गेटकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघतच नव्हती. ती आईकडे बघत होती, आणि चेहरा तोच, बस अड्ड्यावरचा. मी बाहेर आलो. आईने आतून दार लावून घेतलं.

व्हरांड्यात उभा राहिलो. आईचा आवाज ऐकू येत होता, शब्द नाही. असा आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता, बारीक, भरभर, मुलीसारखा. मधेच ती हसली. मग पुन्हा आवाज. खिडकीपाशी जाऊन कान लावावा असं मनात आलं. छत्तीस-सदतीस वर्षं मी ह्याचीच वाट बघत होतो आणि ते ह्या भिंतीपलीकडे चाललं होतं. पण गाई बघत होत्या, आणि मी ऐकू नये म्हणूनच तर आईने दार लावलं होतं.

धारा काढून आलो तरी दोघी बसलेल्याच. आई निघाली तेव्हा अंधार पडला होता. तिचे डोळे सुजले होते. गाडीचं दार मी उघडलं. ती म्हणाली, "टायर बघ जरा माझा, मागचा." मी बघितला. ठीक होता.

घरात आलो. मार्गेट कागद घालत होती.

"काय म्हणाली?"

"अं?"

"कुठे गेली होती ती?"

मार्गेटने माझ्याकडे पाहिलं. खूप मायेने पाहिलं, म्हणूनच मला भीती वाटली. "त्या म्हणाल्या, लिहून होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही. ऑरिनलाही नाही. मी शब्द दिलाय, रे."

२९ नोव्हेंबर

आई आता रोज दुपारी येते. दार लागतं. मी बाहेर असतो. लॅश्नरसाहेबांना मार्गेटने सांगितलं की वसंतात पुस्तक पूर्ण होईल, आणि पुढच्या पानगळीत छापून येईल. दुकानात येईल तेव्हा मीही घेईन. बहुतेक एल्मर माझ्याआधी वाचेल.

मार्गेट जेवते, हसते, रंग चांगला आहे. मला हेच हवं होतं.

८ डिसेंबर, शनिवार

आज आई गेल्यावर विचारलं. विचारणार नव्हतो, पण विचारलं. मार्गेट भांडी धूत होती, मी पुसत होतो.

"एकच सांग. तिने सांगितलं त्यात मी आहे का?"

तिचा हात पाण्यात थांबला.

"आहेस."

"किती?"

"ऑरिन…"

"किती ते सांग फक्त."

तिने ताटली माझ्या हातात दिली. "थोडासा," ती म्हणाली.

मी ताटली पुसली आणि फडताळात ठेवली. बाहेर पारा उतरतोय, पाण्याचे नळ गोठतील. कंदील घेऊन गोठ्यात जाऊन आलो. सगळ्या गाई बसल्या होत्या.